गोधडीखालची पिशवी

मुलुंडात ज्याला हिवाळा म्हणतात त्या दिवसांत आमच्याकडे बेल वाजली की दार उघडायला कुणी धावत नसे. मी शिवणयंत्रावरून उठायचे, हॉलमध्ये मांडलेल्या सासूबाईंच्या पलंगापाशी जायचे, खालच्या दांडीला अडकवलेली लघवीची पिशवी काढायचे, ती त्यांच्या कुशीला गोधडीखाली सरकवायचे आणि वरून दोन थापट्या मारायचे. मग नवऱ्याला सांगायचे, "पडदा उघड." त्यानंतर दार.

या कामात मी इतकी तरबेज झाले होते की दुसरी बेल वाजायच्या आत पाहुण्याला चप्पल काढायला सांगत असायचे. मला त्याचा अभिमान होता. आमच्या सोसायटीच्या कुठल्याही कार्यक्रमात माइक माझ्याच हातात असतो. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका मापाला कमी आणि गोष्टीला जास्त येतात. त्यामुळे घरातल्या घरात रोज एक छोटा प्रयोग लागतोय, याचं मला खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं. हे वाक्य लिहिताना आता हात अडखळतो. पण तसं वाटत होतं.

झालं होतं असं की सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी नळी घातली होती, ती हॉस्पिटलमध्ये एकदा काढून बघितली, पण लघवी उतरेना. पोट फुगलं, त्या तळमळायला लागल्या, म्हणून नळी परत घातली आणि आम्हाला तशाच अवस्थेत घरी पाठवलं. काही दिवसांनी सिस्टर घरी येईल आणि पुन्हा काढून बघेल, असं ठरलं.

निघताना त्या सिस्टरने मला पिशवीचे नियम शिकवले. पिशवी कायम कमरेच्या खाली. जमिनीला टेकवायची नाही. नळीला पीळ पडू द्यायचा नाही, जोड उघडायचा नाही. अर्धी भरली की रिकामी करायची, आधी आणि नंतर हात धुवायचे. पाणी भरपूर द्यायचं. मी हे सगळं तिला हातवारे करून परत म्हणून दाखवलं. वॉर्डातल्या दोन पेशंटना हसू आलं. सिस्टर म्हणाली, "पास झालात." जाता जाता तिने हेही सांगितलं की पिशवी वर उचलून ठेवायची नाही, थोडा वेळसुद्धा नाही. मी मान डोलावली. ते मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन गिरणगावात आल्या, सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बिऱ्हाड मुलुंडला आलं. इतकी वर्षं मुंबईत काढून त्यांची भाषा तसूभर हललेली नाही. स्वभाव कडक, राहणी टापटीप. घरातसुद्धा पदर कधी घसरायचा नाही. अशा बाईच्या पलंगाला पिवळ्या पाण्याची पारदर्शक पिशवी लटकवायची आणि पलंग हॉलच्या मधोमध, कारण आमच्या बेडरूमच्या दारातून तो भाड्याचा लोखंडी पलंग आत जाईना.

पहिल्या आल्या त्या कांजूरमार्गच्या चुलत सासूबाई. त्या खुर्चीवर बसल्या, चहा घेतला आणि सगळा वेळ बोलल्या त्या पिशवीकडे बघत. शेवटी म्हणाल्या, "भरत इली गो ही."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाहुणीण जाईपर्यंत त्या वळल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "माणसांसमोर ती माका नको."

एवढंच म्हणाल्या. बाकी सगळं माझं.

मी ओटीत आलेला एक खण काढला, हिरव्या काठांचा, लाल, आणि त्याची पिशवीसाठी झकास खोळ शिवली. नाडी, झालर, सगळं. एका गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, "अय्या, हे मोबाइलसाठी का? मला पण एक शिव ना." तेव्हा लक्षात आलं की खोळ फारच सुंदर झाली आहे आणि लोकांचं लक्ष उलट तिकडेच जातं. म्हणून मग गोधडी. दिवसभर खोळीत, पाहुणे आले की गोधडीत. सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या, पाहुणे गेले की म्हणायच्या, "उतरव आता तुझो देखावो."

मग संक्रांत आली आणि माझं हळदीकुंकू.

माझ्या हळदीकुंकवाला आमच्या इमारतीच्या तिन्ही विंगमधल्या बायका येतात, शिवाय गिऱ्हाइकं, शिवाय भांडुपच्या भाच्या. सासरे गेल्यापासून सासूबाई त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. तिळगुळाचे लाडू वळायच्या, चहा गाळून द्यायच्या, बाहेर यायच्या नाहीत. मी दर वर्षी म्हणायचे, "आई, या ना बाहेर." त्या म्हणायच्या, "दूध उतू जायत." या वर्षी मात्र त्यांना उठताच येत नव्हतं आणि पलंग होता हॉलमध्ये. मला ते एकदम नाटकातल्या योगासारखं वाटलं. मी ठरवलं, या वर्षी आईंना मधोमध बसवायचं आणि पहिलं कुंकू त्यांना लावायचं.

आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी सिस्टर नळी काढायला येणार होती.

नळी काढली की दिवसभर पाणी पाजायचं, दर थोड्या वेळाने कमोडच्या खुर्चीवर बसवायचं, लघवी होते का बघायचं. हॉल बायकांनी भरलेला असताना हे कसं करणार? मी सिस्टरला फोन केला. म्हटलं, "जरा पुढे ढकलूया का? फक्त कार्यक्रम होऊ दे."

ती म्हणाली, "चालेल, पण उगाच लांबवू नका हं. नळी जितकी लवकर निघेल तितकी बरी."

फोन ठेवल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "तुझो कार्यक्रम."

कार्यक्रम काय रंगला म्हणून सांगू. मी त्यांना सुती इरकल नेसवलं, पाठीशी उशा लावल्या, पलंगाला झेंडूची माळ. पिशवी अर्थातच दुपारपासून गोधडीत, कारण बायका एकदम येत नाहीत, एक निघाली की दुसरी चढते. सगळ्या जमल्यावर मी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन पलंगापाशी गेले. दोघीतिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. कांजूरमार्गच्या चुलत सासूबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मी बोट पुढे केलं.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, वाट लागली, आता माझा हात झटकणार. त्या म्हणाल्या, "लावतंस तर नीट लाव. वाकडा नको."

मी लावलं. मग एक तरुण मुलगी पुढे आली, तिनेही लावलं. मग रांगच लागली. सासूबाई एकेकीला विचारत होत्या, तू कोणाची, तुझी आई बरी आहे का, वाण काय मिळालं ते उघडून दाखव बघू. चहाच्या गाळण्या होत्या. त्यांनी एक हातात घेऊन उजेडात धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जाळी दाट आसा. सुनेन बघून घेतलीहा." इतक्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं जाहीर कौतुक. त्या आनंदात मी पिशवी विसरले. शेवटची बाई गेली, भांडी घासून झाली, नवरा जेवला, तेव्हा आठवण झाली. गोधडी उचलली तर पिशवी टम्म फुगलेली, त्यांच्या पोटाला चिकटून गरम झालेली. मी ती उतरवली, रिकामी केली आणि बोरिवलीला नणंदेला फोन लावून कुंकवाचा प्रसंग साग्रसंगीत सांगितला. नणंद रडली. मीही रडले. आम्ही दोघी स्वतःवर फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाई गप्प होत्या. दमल्या असतील, म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "डबो भरलंस काय? तेंची सकाळची पाळी आसा."

सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी म्हटलं, "भरला." म्हाताऱ्या माणसाला झोपेत वाटलं असेल.

थोड्या वेळाने त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. "ती कोंबडी भायर काढ."

"कुठली कोंबडी, आई?"

"ती काय तांबडी. खुडूक झाली आसा. तिका हात लावू नको, चोच मारीत."

पलंगाच्या दांडीला लाल खणाच्या खोळीतली पिशवी लटकत होती.

आता तुम्हीच सांगा. नाही, तुम्ही नका सांगू, मीच सांगते. माझ्यासारख्या बाईच्या हातात असं काही पडल्यावर ती काय करेल? मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि नणंदेला फोन केला. सासूबाईंच्या आवाजात डब्याची पाळी केली, कोंबडी केली, कोंबडीचं खुर्र खुर्र केलं. नणंद तिकडे हसून हसून लोळायची बाकी होती. म्हणाली, "व्हिडिओ काढ ना गं, कधी काय बोलते आई." मी म्हटलं, "थांब, अजून येईल काहीतरी." दुपारी एक गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आली, तिच्यासाठी दुसरा प्रयोग झाला. संध्याकाळी समोरची शेजारीण इडलीचं पीठ द्यायला आली, तिच्यासाठी तिसरा. तोपर्यंत प्रयोग चांगला बसला होता. कुठे थांबायचं, कुठे डोळे मोठे करायचे, सगळं जमलं होतं. शेजारणीला मी पलंगापाशीच नेलं. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी पलंगापाशी उकिडवी बसले, आवाज काढला, "तिका हात लावू नको," आणि कोंबडी दाखवायची म्हणून एका झटक्यात खोळीची नाडी ओढली.

पिशवीत ताक भरल्यासारखं दिसत होतं. गढूळ, तळाशी चिकट धागे. वासही आला.

शेजारीण हसत होती, तिला वाटलं प्रयोग चालू आहे. मग माझा चेहरा बघून तिचं हसू विरलं. मी सासूबाईंच्या कपाळाला हात लावला. ताप म्हणावा असा नव्हता. पण त्यांचे हात थरथरत होते, थंडी भरून आल्यासारखे. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखलं नाही.

दोन दिवस पिशवी त्या खोळीतच रिकामी होत होती. मी खालची तोटी उघडायचे, मगात धरायचे, कमोडमध्ये ओतायचे, हात धुवायचे, सगळं नियमाने. मगात बघायचे नाही. बघायला आवडत नव्हतं म्हणून तर खोळ शिवली होती. त्यांच्यासाठी शिवली असं मी सगळ्यांना सांगत होते.

हॉस्पिटलात त्यांना लगेच सलाइन लावलं. जुनी नळी बदलून नवी घातली, लघवी तपासणीला पाठवली, कुठले जंतू आहेत आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळायला वेळ लागणार होता म्हणून तोवर एक इंजेक्शन सुरू केलं. संसर्ग रक्तात पसरतोय का, यावर लक्ष ठेवायचं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर माझ्याहून लहान होते, थकलेले, पण समजावून सांगत होते. म्हाताऱ्या माणसांना लघवीचा संसर्ग झाला की ती पुष्कळदा जळजळीची तक्रार करतच नाहीत, म्हणाले, बरळायला लागतात. कधीकधी तेवढंच लक्षण असतं. "घरी काही वेगळं बोलत होत्या का?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो. सकाळपासून."

"मग तेव्हाच आणायचं ना," डॉक्टर म्हणाले. रागाने नाही, नुसतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. गोधडी, हळदीकुंकू, नळी काढायची पुढे ढकललेली. माझी अपेक्षा होती की ते ओरडतील. ते म्हणाले, पिशवी वर ठेवली की आतलं उलटं वाहतं, ते वाईटच. पण नळी आत असली की कितीही नीट सांभाळली तरी जंतू तिच्यावर हळूहळू थर धरतात, म्हणून ती लवकरात लवकर काढायची.

"पण आईंना नक्की कशामुळे झालं?" मी विचारलं. "पिशवीमुळे की जास्त दिवस ठेवल्यामुळे?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

मला हे उत्तर आजही पचलेलं नाही. कुणीतरी निकाल द्यायला हवा होता. निकाल दिला असता तर मी शिक्षा भोगून मोकळी झाले असते. त्याऐवजी दोन गुन्हे आहेत, कुठला माझा ते माहीत नाही, म्हणून दोन्ही घेऊन बसले आहे. तिसरा, कोंबडीचा, तो तर निर्विवाद माझा.

कॉरिडॉरमध्ये कांजूरमार्गच्या चुलत सासूबाई भेटल्या. हळू आवाजात मला म्हणाल्या, "तरी मी मनात म्हटलंय. कुंकू लावक नको होता."

त्या क्षणी मला वाटलं, हा निकाल मिळाला तर मिळाला, घेऊन टाकावा.

औषध लागू पडलं. सासूबाई हळूहळू परत आल्या. आधी पाणी मागितलं, मग वॉर्डातल्या भाताला नावं ठेवली, तेव्हा नवऱ्याने बाहेर जाऊन डोळे पुसले. एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मी त्यांना सगळं सांगायचं ठरवलं होतं, डॉक्टरना सांगितलं तसं. सुरुवात कुंकवापासून केली, चुलत सासूबाई काय म्हणाल्या ते सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कुंकवान मूत गढूळ होता काय गो?"

"नाही, आई."

"मग?"

मी पिशवीचं सांगितलं, नळीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. कोंबडीपाशी आले आणि माझा आवाज बसला. मी, जिच्या हातून माइक सुटत नाही.

"माका आयकाक येय होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सगळा. तू माझो आवाज काढी होतंस. माका वाटी होता, मीच दोन झालय. एक हंय पडलेली, एक थंय बोलता." मग म्हणाल्या, "कोंबडी बरी जमली. माझो आवाज नाय जमलो."

मी हसले नाही. त्यांनीही हसायला सांगितलं नव्हतं.

नळी पुन्हा काढायचा दिवस हॉस्पिटलातच आला. सकाळी सिस्टरने काढली. दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर पुन्हा घालावी लागेल, म्हणाली. म्हणजे पुन्हा पिशवी, पुन्हा दिवस वाढणार, पुन्हा तेच जंतू. सासूबाईंना हे कळलं होतं. त्या नारळपाणी प्यायल्या, पाणी प्यायल्या, वॉकर धरून माझ्या आधाराने बाथरूमपर्यंत गेल्या, बसल्या. काही नाही. परत आलो. पुन्हा गेलो. नवरा बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता, नणंद बोरिवलीहून निघाली होती आणि सारखा फोन करत होती, "झाली का?"

तिसऱ्या खेपेला त्यांचा चेहरा उतरला होता. मी नळ सोडला, पाण्याच्या आवाजाने होते म्हणतात. बोलायला लागले, कायकाय सांगायला लागले, शेजारणीचं इडलीचं पीठ कसं फसलं ते.

"नळ बंद कर. पाणी फुकट जाता," त्या म्हणाल्या. "आणि तू गप रव."

मी नळ बंद केला. गप्प बसले. बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहिले, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तोल जाऊ नये म्हणून. आयुष्यात इतका वेळ मी गप्प कधी बसले असेन असं वाटत नाही. मनात मी कुठल्याही देवाला काहीही कबूल करायला तयार होते. सोसायटीचा माइकसुद्धा.

आधी थेंब थेंब. मग थांबलं. मग धार लागली, बारीक पण सलग, कमोडच्या कडेला आपटणारी. माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं सैल पडली.

"आयकलंस?" त्या म्हणाल्या. "आता ह्याचो आवाज काढून दाखव."

आता त्या घरात काठी घेऊन फिरतात. लोखंडी पलंग परत गेला. खोळ मी कात्रीने उसवून टाकली. पाहुणे अजून तब्येत विचारायला येतात, आणि आमच्याकडे नवीन रीत सुरू झाली आहे. गोष्ट सासूबाई सांगतात. मी चहा देते. त्या पाय पुढे करून बसतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. पिशवी कशी गोधडीत सरकवायची माझी सून, पडदा काय उघडायला लावायची, हळदीकुंकवाच्या दिवशी पिशवी कशी पोटाशी भाकरीसारखी शेकत होती. काहीच लपवत नाहीत. पिशवी हा शब्दसुद्धा आधी त्या उच्चारत नसत, आता हाताने तिचा आकार करून दाखवतात. पाहुणे हसतात, माझ्याकडे बघतात, मी कपबश्या गोळा करते. मला मान्य करायला हवं, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. कुठे थांबायचं ते त्यांना कळतं.

मग गोष्ट त्या तिसऱ्या दिवसापर्यंत येते. "मगे माझा डोक्या फिरला," त्या म्हणतात. "माका पलंगाखाली कोंबडी दिसाक लागली."

इथे त्या थांबतात. कप उचलतात, चहाचा एक घोट घेतात आणि कपावरून माझ्याकडे बघतात. पाहुणे वाट बघत असतात. मीही वाट बघते, हातात ट्रे घेऊन, दर वेळी, कारण आज सांगतील की नाही हे मला आधी कधीच कळत नाही.

"मगे सुनेन पिशवी बघल्यान," त्या म्हणतात, "आणि माका हॉस्पिटलात नेल्यान."

आणि गोष्ट पुढे जाते.